सेल्फ खणखणीत फिरतो, पण गाडी पकडत नाही (गणपतीला गावी जायचंय, मदत करा)

पिंपळेकर

मंडळी, गाडी २०१७ ची हॅचबॅक. कंपनीनेच बसवलेलं सीएनजी किट, म्हणजे सुरू पेट्रोलवर होते आणि इंजिन जरा तापलं की गॅसवर जाते. मेकचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद "ती घेतलीच कशाला" यावर जातील.

सोसायटीत उघड्यावर उभी असते. पावसाचा जोर होता म्हणून आठवडाभर बाहेर काढली नव्हती. परवा चावी फिरवली तर सेल्फ फिरतो, फिरतो, फिरतच राहतो. इंजिन काही पकडत नाही. दिवे प्रखर, हॉर्न दणदणीत. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला आला, बोनेट उघडलं आणि म्हणाला बॅटरी कमजोर आहे. नवी बसवली. आता सेल्फ आणखी जोरात फिरतो, गाडी जिथल्या तिथे.

आज तो म्हणतोय, टाकीतला पेट्रोल पंप गेला. अख्खी असेंब्ली बदलावी लागेल, साताठ हजार धरून चला. पेट्रोलचा काटा माझ्याकडे कायम शेवटच्या दांडीवर असतो हे खरं, त्यामुळे पंप गेला असेलही. पण बॅटरीच्या वेळीही तो इतक्याच खात्रीने बोलला होता.

राजापूरला जायचंय. एसटी आणि रेल्वेची आरक्षणं केव्हाच संपली. काय करू? (गाडीत यंदा पावसाळाभर कुबट वास येतोय, तो वेगळाच ताप. त्यावर नंतर धागा काढीन.)

टोमणेसम्राट

उंदीर. पैज लावा.

घाटमाथा

पेट्रोल ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) झाल्यापासून हेच चाललंय सगळीकडे. २०१७ ची गाडी त्यासाठी बनलेलीच नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं, रबरं खातं, पंप जाम होतो. पंप बदला आणि मोकळे व्हा.

दापोडीचे_काका

पंप बदलायच्या आधी दोन मिनिटं द्या.

सेल्फ दमदार फिरतोय म्हणजे बॅटरी, सेल्फची मोटर, तिचा सोलेनॉइड आणि चावीचा स्विच, हे चौघे निर्दोष सुटले. बॅटरी बदलायला लावणाऱ्याने लक्षण ऐकूनच घेतलं नाही. बॅटरी उतरलेली असती तर चावी फिरवल्यावर टकटकटकटक असा सलग आवाज आला असता आणि डॅशबोर्डचे दिवे मलूल झाले असते. एकच ठसठशीत "टक" येऊन पुढे शांतता, पण दिवे प्रखर, असं असेल तर सेल्फ मोटरकडे बघायचं. पान्याने तिच्या अंगावर हलकं ठोकल्यावर ती फिरली तर कार्बन ब्रश संपत आलेत असं समजावं. आणि काहीच आवाज नाही, तर आधी बॅटरीची टर्मिनल हलवून बघावीत, क्लच पूर्ण दाबलाय का बघावं, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी किंवा एनमध्ये आहे का बघावं. निम्मी रडगाणी तिथेच संपतात.

तुमचं यातलं काही नाही. फिरतो पण पकडत नाही, म्हणजे पेट्रोल पोचत नाही, किंवा ठिणगी पडत नाही, किंवा संगणकाने परवानगी दिलेली नाही. एवढं पाहून इथे लिहा:

चावी "ऑन"वर ठेवा, सेल्फ मारू नका. रेडिओ, पंखा बंद. मागच्या सीटजवळ कान लावा. पंप दोनेक सेकंद "सूंऽ" करून थांबायला हवा. येतो का आवाज?

डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलूपवाल्या गाडीचं चित्र लुकलुकत राहतं का? राहिलं तर इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कुलपाने, चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी लावून बघा.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासा उचलतो का? अगदीच निपचित पडून राहिला तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यायचा. इंजिन फिरतंय हे संगणकाला त्याच्याकडूनच कळतं, आणि ते कळलं नाही तर तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही.

घाटमाथा, ई-२० बद्दल तुमचा राग समजतो. पण पंप खराब असणं आणि पंपापर्यंत वीजच न पोचणं यात फरक आहे. आधी तो करू.

कॅल्गरीकर

काकांशी सहमत. बॅटरीचं मोजमाप सोपं आहे. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरली तर दम संपला. गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे, नाहीतर अल्टरनेटर चार्ज करत नाही आणि नवी बॅटरीही दोन दिवसांत झोपेल.

आमच्याकडे थंडीत उणे ३० होतं, रात्री इंजिनाचा हीटर घरच्या प्लगला जोडून ठेवावा लागतो. थंडीने बॅटरीची ताकद घटते, पण आयुष्य खरं खातं ते ऊन. त्यामुळे भारतातल्या बॅटऱ्या लवकर जातात याचं नवल नाही. मात्र पिंपळेकरांची ती भानगड नाही.

सांताक्रूझवाला

एक विचारायचं राहिलं. पाणी चढलं होतं का पार्किंगमध्ये? चढलं असेल तर आणखी एकदाही सेल्फ मारू नका. २६ जुलै २००५ ला आमच्याकडे २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर लोकांनी चालू होते का बघू म्हणून चाव्या फिरवल्या आणि धडधाकट इंजिनं मोडून घेतली. सिलिंडरमध्ये पाणी असलं की ते हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तशी गाडी उचलूनच न्यायची. विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर त्या दुरुस्तीचे पैसे बहुधा स्वतःच्याच खिशातून जातात.

पिंपळेकर

पाणी चढलं नव्हतं, पार्किंग उंचावर आहे.

काका, तपासलं. "सूंऽ" अजिबात नाही. मुलाला मागे बसवून पुन्हा पुन्हा ऐकायला लावलं. चावीचं चित्र लागतं आणि लगेच विझतं, म्हणजे ते ठीक असावं. आरपीएमचा काटा सेल्फबरोबर थरथरतो. टोमणेसम्राट, बोनेटखाली लेंडी नाही, कुरतडलेलं काही दिसत नाही. पैज हरलात.

टोमणेसम्राट

उंदीर मागच्या सीटखाली पण जातो. पैज चालू आहे.

दापोडीचे_काका

छान. म्हणजे आपण पंपाच्या गल्लीत आलो. आता फ्यूज पाहा. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूला नकाशा असतो. पंपाचा फ्यूज काढून उजेडात धरा, तार अखंड हवी. नंतर रिले, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच. पंपाचा रिले आणि हॉर्नचा रिले पुष्कळ गाड्यांत एकाच नंबरचा असतो. नंबर जुळत असेल तरच अदलाबदल करा. पंप बोलला तर रिले गेलेला. हॉर्न मुका झाला तरी निष्कर्ष तोच.

मेघा_ठाणे

एक पायरी मी मध्ये घालते. एअर फिल्टरच्या पुढच्या नळीतून थ्रॉटलकडे (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेकडे) कार्ब्युरेटर क्लीनरचा छोटा फवारा मारून लगेच सेल्फ मारला आणि इंजिन क्षणभर धगधगून विझलं, तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन ठीक आहे, फक्त पेट्रोल नाही. सीएनजीवाल्या गाड्यांत प्लग लवकर झिजतात, त्यामुळे प्लगवरचा संशय एकदाचा काढून टाकलेला बरा. फवारा अगदी थोडा, तोंड दूर, आणि नळी परत लावूनच सेल्फ. जमत नसेल तर मिस्त्रीकडून करून घ्या.

पिंपळेकर

फ्यूज चांगला. रिलेची अदलाबदल केली, हॉर्न वाजतोय, पंप गप्पच. शेजारच्यांच्या ओळखीचा एक मिस्त्री आला होता, त्याने फवारा मारला. गाडी दोन सेकंद भुरभुरली आणि बंद! त्या दोन सेकंदांत आमच्या बाल्कनीतून टाळ्या पडल्या.

मग त्याने मागची सीट उचलून पंपाचं कनेक्टर सोडवलं आणि मीटर लावला. चावी ऑन केली की दोन सेकंद बरोबर १२ व्होल्ट दाखवतो. तो म्हणाला, वीज येतेय, पंप चालत नाही, म्हणजे पंपच गेला. दोन वेगवेगळ्या माणसांचं एकमत झालं, म्हणून उद्या पंप मागवतोय. सगळ्यांचे आभार.

घाटमाथा

तेच तर म्हणत होतो.

मंजिरी_इलेक्ट्रिकल

पिंपळेकर, थांबा! मागवू नका अजून.

कनेक्टर सोडवून मीटरवर १२ व्होल्ट दिसणं म्हणजे वायर चांगली असणं नव्हे. मीटर स्वतः जवळपास काहीच करंट घेत नाही, त्याच्या आतला रोध साधारण १० मेगाओहमचा असतो. वायरीतल्या सगळ्या तारा कुजून एक केसाएवढी उरली, तरी मीटर बिचारा १२ च दाखवणार. पंपाला मात्र चारपाच अँपिअर लागतात. तेवढे त्या एका केसातून किंवा गंजलेल्या जोडातून जात नाहीत, व्होल्टेज वाटेतच गळतं. नळ उघडेपर्यंत पाइपात दाब भरपूर असतो आणि उघडला की करंगळीएवढी धार, तसं.

म्हणून मीटरऐवजी बल्ब लावा. हेडलाइटचा जुना बल्ब कुठल्याही गॅरेजात फुकट मिळेल, एक तार शाबूत असलेला. ५५ वॅटची तार साधारण साडेचार अँपिअर घेते, म्हणजे पंपाएवढाच भार. कनेक्टरच्या दोन जाड पिनांना बल्ब जोडा (बारीक पिना पेट्रोलच्या काट्याच्या असतात, त्यांना हात लावू नका). आधी चिमटे पक्के बसवा, मगच कोणाला तरी चावी ऑन करायला सांगा, म्हणजे ठिणगी उडणार नाही. चारही दारं उघडी ठेवा. पंपाचं झाकण उघडायचं नाही, फक्त वरचं कनेक्टर काढायचं. पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग करूच नका.

बल्ब डोळे दिपवणारा पेटला तर वायर चांगली, पंप खुशाल मागवा. निखाऱ्यासारखा तांबूस राहिला तर पंपाचा दोष नाही.

तांबूस राहिला तर बल्ब लावलेला असतानाच मीटरची काळी वायर गाडीच्या उघड्या धातूला लावा आणि लाल आधी एका जाड पिनेला, मग दुसऱ्या. पुरवठ्याच्या बाजूला १२ च्या जवळपास आणि अर्थिंगच्या बाजूला शून्याच्या जवळपास यायला हवं. जिथे हिशोब चुकतो तिथे रोग.

दापोडीचे_काका

मंजिरीताई, नमस्कार घ्या. आमच्या कार्यशाळेत टेस्ट लॅम्प प्रत्येकाच्या खिशात असायचा. मीटर आले आणि पोरांनी लॅम्प फेकून दिले.

राजापूरकर

आमच्या गावी येणारी गाडी म्हणून धागा सुरुवातीपासून वाचतोय. पहिल्याच पोस्टमधल्या कुबट वासाबद्दल कोणी काही बोललं नाही. कोकणात राहून एवढं शिकलोय की कुबट वास आला म्हणजे पाणी कुठेतरी घर करून बसलंय. मागच्या सीटखालचं कार्पेट दाबून बघा. पाणी निघालं तर काय ते कळेल.

टोमणेसम्राट

पाण्यात पोहणारा उंदीर असेल.

पिंपळेकर

बल्ब मिळाला. सगळं ताईंनी सांगितलं तसंच केलं. बल्ब पेटला म्हणजे काय, लाज वाटावी असा पेटला. लालसर तार नुसती दिसत होती.

मीटर: पुरवठ्याची पिन १२.१. अर्थिंगची पिन जवळजवळ ९! म्हणजे बल्बच्या वाट्याला तीन व्होल्ट येत होते.

राजापूरकर, कार्पेट पिळून पाणी निघालं. वरून कोरडं, खालचा फोम चिंब.

अर्थिंगची वायर कुठे जाते ते आता शोधायचंय. कोणाला अंदाज?

मंजिरी_इलेक्ट्रिकल

पंपाच्या कनेक्टरपासून काळी वायर हाताने चाचपत जा. बहुधा मागच्या सीटच्या बाजूला किंवा मागच्या दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्टीखाली एक बोल्ट असेल आणि त्यावर तीनचार काळ्या वायरी एकत्र आवळलेल्या असतील. मागचे इंडिकेटर किंवा ब्रेकलाइट हल्ली मंद वाटत होते का? त्यांचं अर्थिंगही पुष्कळदा त्याच बोल्टवर असतं.

पिंपळेकर

डावा ब्रेकलाइट मंद आहे म्हणून मागे चौकात एका रिक्षावाल्याने सांगितलं होतं. मी बल्ब बदलून टाकला होता.

दापोडीचे_काका

सापडला चोर. आता बोल्ट नुसता आवळून सोडून देऊ नका. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. बोल्ट पूर्ण सोडवा, वायरीचे डोळे (टोकाच्या गोल कड्या) आणि खालचा पत्रा सँडपेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. डोळ्यातली वायर ओढून बघा. हिरवी भुकटी पडत असेल तर कापून नवा डोळा दाबून घ्या. दातेरी वॉशर टाकून घट्ट आवळा आणि आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्या. आधी जेली लावून मग आवळायचं नाही.

आणि पाणी येतंय कुठून ते शोधल्याशिवाय कार्पेट परत घालू नका, नाहीतर पुढच्या श्रावणात याच धाग्यावर भेटू.

पिंपळेकर

चालू झाली!!!

बोल्ट डावीकडे मागच्या दाराच्या पट्टीखाली होता. बोल्ट कसला, गंजाचा गोळा. दोन वायरींच्या डोळ्यांवर पांढरी-हिरवी भुकटी. काकांनी सांगितलं तसं घासलं, एक डोळा नवा दाबून घेतला. चावी ऑन केली आणि "सूंऽऽ" ऐकून मुलगा ओरडलाच. पहिल्या सेल्फला पकडली. जरा फिरवली, गॅसवरही गेली. ब्रेकलाइटही लखलखीत झाला, फुकटात.

पाण्याचा शोधही लागला. डिकीत मुलाला टॉर्च देऊन बसवलं आणि बाहेरून पाइपने हळूहळू पाणी मारलं. डाव्या टेललॅम्पच्या मागचं रबर दबून गेलंय, तिथून पाणी आत येऊन चाकाच्या कमानीवरून थेट सीटखाली. बाहेरून कधीच दिसलं नसतं. रबर मागवलंय, तोवर लॅम्पच्या कडेने सीलंट भरलंय.

खर्च: वायरीचा डोळा, वॉशर, सँडपेपर. शंभराची नोट मोडून सुटे परत मिळाले. बॅटरीचे पैसे मात्र गेले ते गेले.

राजापूरकर

या आता. मोदक तयार ठेवतो. पण निघायच्या आधी टाकीत दहा लिटर पेट्रोल घाला. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. शेवटच्या दांडीवर चालवून तो खरोखरच जाईल. शिवाय गणपतीत आमच्याकडे सीएनजीच्या रांगा केवढ्या असतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. रात्री घाटात गॅस संपला की पेट्रोलवरच यायचंय.

घाटमाथा

ई-२० बद्दलचं माझं मत मात्र कायम आहे. वेगळा धागा काढतोय.

पिंपळेकर

काढा, येतो तिकडे. :)

राजापूरकर, पेट्रोल आजच भरतो. जुनी बॅटरी गॅरेजवाल्याला बदल्यात दिली नव्हती, डिकीतच आहे. आता मोजली तर १२.५ दाखवतेय, म्हणजे चांगलीच होती. ती घरच्या इन्व्हर्टरला लावली तर चालेल ना?

मंजिरी_इलेक्ट्रिकल

नका लावू. गाडीची बॅटरी काही सेकंद भरपूर करंट देण्यासाठी बनवलेली असते, तिच्या प्लेटा पातळ असतात. इन्व्हर्टर तिला तासन्‌तास खाली करणार, पुन्हा भरणार, पुन्हा खाली करणार. थोड्याच महिन्यांत संपेल. शिवाय आत्ता १२.५ म्हणजे काय ते वर लिहिलंच आहे, मीटरचं ऐकून सर्टिफिकेट देऊ नका. कुठल्याही बॅटरीवाल्याकडे लोड टेस्टर असतो, त्यावर लावून बघा. खरंच चांगली निघाली तर ओळखीत कोणाच्या तरी गाडीला द्या.

टोमणेसम्राट

मला द्या. माझ्या गाडीतून टकटकटकटक आवाज येतोय.